फक्त फॅमिलीसाठी

शनिवारी सकाळी उजेड खोलीत आला तेव्हा त्याला कसलीही घाई नव्हती. प्रथम तो बाहेरच्या नारळीच्या झावळ्यांत रेंगाळला, तिथे थोडा हिरवट झाला, मग खिडकीच्या गजांमधून आत उतरला आणि लाल कोब्याच्या जमिनीवर त्याने पाच तिरके पट्टे आखले. ते पट्टे इतक्या सावकाश सरकत होते की नजर रोखून पाहिले तर स्थिर वाटावेत आणि क्षणभर डोळे मिटले तर पुढे गेलेले दिसावेत. आधी माझ्या चपला उजळल्या. मग पाण्याचा तांब्या उगाचच सोन्याचा झाला आणि पुन्हा पितळेचा झाला. नंतर एक पट्टा पलंगाच्या पायावरून चढत चढत वर आला आणि शेजारच्या उशीवर येऊन थांबला. दोन्ही उशांच्या अभ्र्यांवर निळ्या दोऱ्याने ‘सुस्वागतम्’ असे भरतकाम केले होते. माझ्या उशीवरचे स्वागत रात्रभरात पुरते चुरगळून गेले होते; तिच्या उशीवरचे मात्र कडक इस्त्रीत होते. त्या उजेडात विशेष असे काही नव्हते. तसाच तो ठाण्यातल्या माझ्या खोलीतही पडत असणार; परंतु तिथे त्या वेळी मी दाढी करत असतो.

एवढ्यात दार वाजले.

“भाऊ, उठलात का?” बाहेरून दयारामभाऊंचा आवाज आला. “वयनी कितीच्या लाँचनं येतात?”

या प्रश्नाने माझ्या त्या दोन दिवसांची शांतता भंगली, असे मी म्हणणार होतो. पण ती आदल्या संध्याकाळीच, फाटकापाशी भंगलेली होती.

मी ठाण्याच्या एका विमा कंपनीत दावे तपासण्याच्या विभागात काम करतो. लोकांच्या आयुष्यात जे कोसळते ते योग्य रकान्यात बसते की नाही, हे पाहणे माझे काम आहे. विनिता आणि मी दोन वर्षे एकमेकांना ओळखत होतो. दोन्ही घरी ठाऊक होते; तारीख तेवढी ठरायची होती. अलीकडे आमच्यात थोडा दुरावा आला होता, आणि असा दुरावा शेतावर दोन दिवस राहिल्याने नाहीसा होतो, अशी माझी समजूत होती. ही समजूत कुठून आली ते मला नेमके सांगता येणार नाही. बहुधा केतनच्या जाहिरातीतून आली असावी. केतन हा दयारामभाऊंचा मुलगा. अलिबागजवळच्या नागावात, आतल्या अंगाला त्यांची वाडी, पाठीमागे कांद्याचे शेत, मध्ये जिताडे मासे सोडलेले तळे आणि तळ्याकाठी पाहुण्यांसाठी बांधलेली ही एक खोली. जाहिरातीत लिहिले होते, ‘या, शेतकऱ्याच्या घरी राहा, मन मोकळे करा.’

आरक्षणाच्या अर्जात सोबतच्या व्यक्तीशी असलेले नाते विचारले होते आणि तीनच पर्याय दिले होते: पत्नी, मुले, आईवडील. ‘जिच्याशी तारीख ठरायची आहे ती’ असा पर्याय नव्हता. मी ‘पत्नी’वर खूण केली. आयुष्यात एवढे धाडस मी प्रथमच करत होतो, आणि तेही अर्जात.

विनिता दादरला राहते, तेव्हा ती लाँचने मांडव्याला उतरणार आणि मी एसटीने पेणवरून येणार, अशी माझी योजना होती. ती आली की सगळे पूर्ववत होणार होते, याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. तिचा निरोप आला होता, परंतु तो मला पुरेसा स्पष्ट वाटला नव्हता.

फाटकावर मात्र अत्यंत स्पष्ट पाटी होती: ‘फक्त फॅमिलीसाठी. एकट्या पुरुषांना खोली मिळणार नाही.’

“सर, तुम्ही टेन्शन नका घेऊ,” केतन माझ्या मागे रिकामा रस्ता पाहत म्हणाला. “पण मॅडम?”

“उद्या येतील. पहिल्या लाँचने.”

ती पाटी का लावली, हे मला लगेच सांगण्यात आले. गेल्या वर्षी सात तरुण आले होते. त्यांनी तळ्यात उड्या मारल्या आणि एका जिताड्याला बिअर पाजली, असे दयारामभाऊ अजूनही संतापाने सांगतात. त्यानंतर जिताडा कसा वागला, ते मात्र सांगत नाहीत. हे ऐकताना मी शक्य तितका विवाहित दिसण्याचा प्रयत्न केला.

त्या संध्याकाळी ओट्यावर जेवायला बसलो तर समोर दोन ताटे. दयारामभाऊंच्या पत्नी सोनूबाई यांनी तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, तळलेला बोंबील असे सारे दोन्ही ताटांत वाढले.

“अहो, त्या उद्या येणार आहेत,” मी म्हणालो.

“येतील तवा येतील. पान मांडलेलं असावं, बाला. मानूस वाटेत असला की त्याचं पान मांडतात आमच्यात.”

माणूस वाटेत नसला तर काय करतात, हे मी विचारले नाही. जेवण झाल्यावर त्या दुसऱ्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आता वाया का घालवाचं? बायकोचं उष्टं थोडंच हाय?” आणि ते ताट मला संपवावे लागले. येथून पुढे प्रत्येक जेवण मी दोघांचे जेवत होतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. मला ते विसरणे शक्यच नव्हते.

तर शनिवारी सकाळी चहा झाल्यावर दयारामभाऊंनी मला कांद्याचे शेत दाखवले. फेब्रुवारी संपत आला होता आणि पांढरा कांदा काढणीला आला होता. त्यांनी एक कांदा उपटला, अंगठ्याने फोडला आणि थेट माझ्या नाकाखाली धरला.

“हुंगा. अजून हुंगा. डोल्याला पानी आलं तर मी नाव बदलीन. आमचा कांदा गोड. कुनाला रडवत न्हाय.”

पाणी आले नाही. मी कांदा खाल्ला. तो खरोखरच गोड होता, आणि एखादा कांदा आपल्याशी इतक्या सभ्यपणे वागतो आहे याचे मला त्या सकाळी उगाच फार बरे वाटले.

शेजारचा मोरू रिक्षा चालवतो. मांडव्याला त्याच्या रोज खेपा असतात. “वयनीना मी घेऊन येतो,” तो परस्पर म्हणाला. “दिसाला कशा हायेत?”

मी विचार केला. दोन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. “शांत आहेत,” मी म्हणालो. “म्हणजे गर्दीत उभ्या असल्या तरी जरा बाजूला उभ्या आहेत असे वाटते. बोलताना आधी थोडे थांबतात.”

मोरूने सहानुभूतीने ऐकून घेतले. “दादा, लाँचमधून दीडशे मान्सं उतरतात. ओढनीचा कलर सांगा.”

तो मला सांगता येईना. तेव्हा केतनने बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर लाल शाईने ‘ठाण्याचे प्रज्योतदादा यांच्या मिसेस’ असे ठळक लिहिले, आणि मोरू तो पुठ्ठा घेऊन गेला. मी त्याला थांबवायला हवे होते. परंतु ज्यांना थांबवायला हवे त्यांना मी कधीच थांबवू शकलेलो नाही, आणि जी माणसे थांबायला हवी होती त्यांना थांबा म्हणू शकलेलो नाही. असो.

मोरू गेला आणि विठोबा आले. विठोबा गावचे पोलीस पाटील. गावात बाहेरचे कोण उतरले आहे याची नोंद ठेवणे हे त्यांचे काम. वही प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कापडी पिशवीत, आणि कापडी पिशवी छातीशी. ती सोडायलाच पाच मिनिटे लागली.

“दुसऱ्या मानसाचं आधार कार्ड?”

“त्या यायच्या आहेत.”

“कवा?”

“दुपारी. किंवा संध्याकाळी. फार तर उद्या.”

“यातलं काय लिवू?”

विठोबांनी पेनाचे टोपण लावले. “ग्रामसभेचा ठराव हाय. एकटा पुरुष एक रात. दुसरी न्हाय.”

“अरे, ह्यो त्यातला न्हाय,” दयारामभाऊ मध्ये पडले. “बग तरी त्याच्याकडं. हा जिताड्याला काय पाजनार? जिताडाच ह्याला पाजंल.”

“मी कुठं त्यांना वाईट म्हनतो? पन वाईट हाय का बरा हाय ते मानूस बगतो. ठराव बगत न्हाय.”

या वाक्याबद्दल मला विठोबांविषयी आदर वाटला. आमच्या कंपनीत अशी माणसे फार वर चढतात. मी खरे तर त्याच क्षणी पिशवी भरून निघायला हवे होते. एसटी होती, रस्ता होता, अडवणारे कुणी नव्हते. पण मी निघून गेलो आणि तेवढ्यात विनिता आली तर? या एका ‘तर’वर मी पाय रोवून उभा राहिलो.

शेवटी दयारामभाऊंनीच तोड काढली. “पाहुना म्हनून ठेवता येत न्हाय ना? मंग गडी म्हनून लिव. कांद्याला मान्सं लागतातच. गड्याला कुठं बायको लागते?”

विठोबांनी बराच वेळ ठराव मनातल्या मनात वाचला. त्यात गड्याविषयी काही नव्हते. त्यांनी माझ्या नावापुढचे ‘पाहुणा’ खोडून ‘गडी’ लिहिले, खाली माझी सही घेतली आणि उठता उठता म्हणाले, “पन गडी हाय तर कामावर दिसला पायजे. मी चारला फेरी मारतो.”

अशा रीतीने पाहुणचाराचे आगाऊ पैसे भरून मी मजूर झालो.

काम अवघड नव्हते, असे मला वाटले. खळ्यात आंब्याच्या सावलीला सोनूबाई आणि आणखी चार बायका बसल्या होत्या. काढलेला कांदा पातीसकट वाळवायचा, आणि मग तीन-तीन पाती एकमेकींत गुंफत, मुलींच्या केसांची घालतात तशी वेणी घालत, कांद्यांची माळ करायची. अलिबागचा पांढरा कांदा माळेतच विकला जातो. मी एक माळ विणली. ती उचलताच सगळे कांदे एकेक करून, कसलीही कुरबुर न करता, खाली पडले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

“शिकशील,” सोनूबाई म्हणाल्या. “घट्ट आवलू नको, सैलपन सोडू नको. तू आधी धरतोस आन मंग घाबरून सोडतोस.”

हे त्या कांद्याविषयी बोलत होत्या.

दुपारी बायका जेवायला घरी गेल्या. मी दोन ताटे संपवून जड पावलांनी खळ्यात परतलो तेव्हा तिथे कुणी नव्हते. समोर कांद्याचा मोठा ढीग होता आणि ढिगाशेजारी कात्री होती. ढीग अतिशय अस्ताव्यस्त दिसत होता. सुकलेल्या, पिवळ्या, लोंबणाऱ्या पाती सगळीकडे पसरल्या होत्या. ज्यांनी मला आसरा दिला त्यांच्यासाठी आपण काहीतरी करावे, असे फार आतून वाटले. बाजारात कांदा जसा दिसतो, तसा गोल, स्वच्छ, आटोपशीर, तो दिसावा म्हणून मी एकेक कांदा घेऊन त्याची पात मुळापासून कापू लागलो. दोन तास मान वर केली नाही. त्या दोन तासांत मला विनिताची आठवण एकदाही आली नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. शेवटी पांढऱ्याशुभ्र कांद्यांची नीट रास झाली. ती मोत्यांसारखी दिसत होती.

ठीक चारला विठोबा आले. त्यांनी रास पाहिली, बाजूला पडलेल्या पाती पाहिल्या, माझ्याकडे पाहिले. मग खाली बसून एकातून एक अशा दोन पिशव्या सोडल्या, वही काढली आणि माझ्या नावापुढे कामाच्या रकान्यात लिहिले, ‘नुकसान’.

बायका आल्या. कुणीच हसले नाही, त्यामुळे प्रकरण गंभीर आहे हे मला कळले. सोनूबाईंनी एक कांदा उचलला आणि जिथे पात होती तिथे अंगठा फिरवला.

“बाला, तू ह्यांचे हातच कापलेस,” त्या म्हणाल्या. “आता एकमेकांना धरतील कशानं?”

मी काहीतरी म्हणालो. कदाचित ‘सॉरी’ म्हणालो असेन. रविवारी सकाळी अलिबागचा व्यापारी माळा न्यायला येणार होता, हे मला त्यानंतर सांगण्यात आले. दयारामभाऊ खाली वाकून कापलेल्या पाती एकेक करून गोळा करू लागले. शेजारीपाजारी जमले. कुणी म्हणाले भजी करा, कुणी म्हणाले लोणचे घाला. एका म्हातारबाबांनी शिकलेल्या माणसाच्या हाती कात्री दिलीच कुणी, याच्या चौकशीची मागणी केली. विठोबांनी, वही बंद करता करता, असा गडी ठेवण्यापेक्षा एकटा पाहुणा ठेवलेला बरा होता, असे मत दिले. परंतु खाडाखोड आता शक्य नव्हती.

याच सुमारास मोरू परत आला. तीन लाँच पाहिल्या, वयनी कशातच नव्हत्या. “पन एक ताई भेटल्या,” तो आनंदाने म्हणाला. “बोर्ड बगून जाम खूश झाल्या. तुम्हाला वलखतात. माझ्यासंगं फोटो काढला.”

केतनने स्वयंपाकघराकडे बोट केले. खोलीत रेंज नव्हती; म्हणून माझा फोन सोनूबाईंच्या चुलीमागच्या कोनाड्यात ठेवलेला असे. तिथे तो थरथरत होता. माझ्याच विभागातली भाविका कुटुंबासह काशीदला निघाली होती. तिने मोरूचा, पुठ्ठ्यासह, हसरा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला होता आणि खाली लिहिले होते, ‘गुपचूप लग्न! अभिनंदन!!’ त्याखाली एकेचाळीस जणांचे अभिनंदन होते. साहेबांनी तर वारसदाराचा फॉर्म सोमवारी नव्याने भरून द्यावा, असे कळवले होते.

भाविका ही विनिताची कॉलेजपासूनची मैत्रीण. आमची ओळख तिनेच करून दिली होती. अकस्मात मला त्या खळ्यात, त्या कापलेल्या कांद्यांवर, आडवे व्हावेसे वाटले.

त्या दिवशी संध्याकाळी कांद्याची भजी, कांद्याची भाजी, सुक्या जवळ्यात कांदा आणि तोंडी लावायला कांदा असा बेत होता. दोन ताटे.

रविवारी उजेड पुन्हा आला. या वेळी मी त्याच्याकडे पाहिले नाही. झालेले नुकसान भरून काढावे म्हणून मी पहाट सरताच शेतात उतरलो आणि उरलेल्या वाफ्यातले कांदे उपटू लागलो. केतनने आधी कात्री घरात ठेवली होती. दयारामभाऊ माझ्या शेजारच्या ओळीत होते. अर्धा वाफा झाल्यावर ते म्हणाले, “व्यापारी म्हनला, सुट्टे पन नेतो. कमी भावानं. चालायचंच.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “तुमी उपटता बरं.” त्यांनी मला माफ केले होते, आणि ते मला अधिकच लागले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सोनूबाईंची हाक आली.

“बाला! वयनींचा फोन!”

माझे दोन्ही हात कोपरापर्यंत मातीत होते. मी धावलो, बांधाला अडखळलो, उठलो. पोहोचेपर्यंत सोनूबाईंनी फोन कानाला लावला होता. हात धुतल्याशिवाय त्या चुलीपाशी येऊ देत नसत, म्हणून मी दाराबाहेर रांजणापाशी उभा राहिलो. मला एकच बाजू ऐकू येत होती.

“व्हय… मी त्यांची कोन न्हाय, इथली… हाय ना, कांद्यात हाय… जेवतो, दोघांचं जेवतो… न्हाय, फोटू आमच्या मोरूचा… तसं लिवलं खरं, पोरांनीच लिवलं, त्याचा काय दोष न्हाय…”

मग त्या बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. मी हात धूत होतो. माती केव्हाच गेली होती. तरी धूत होतो.

“व्हय,” शेवटी त्या म्हणाल्या. “न्हाय, मी त्याला काय बोलनार न्हाय. तू पन सुखी रहा, पोरी.”

त्यांनी फोन कोनाड्यात ठेवला. माझ्याकडे न पाहता त्या ओट्यावर आल्या आणि कुंपणापलीकडे, रिक्षा पुसत असलेल्या मोरूला हाक मारली.

“मोरू, मांडव्याला जाशील तर तो पुठ्ठा नको नेऊ.”

“का? वयनी…”

“नको नेऊ म्हनलं ना.”

मोरूने एकदा माझ्याकडे पाहिले. मग तो पुठ्ठा पाठच्या सीटवरून काढून, लिहिलेली बाजू आत करून, त्याने नीट दुमडला. आयुष्यात माझ्या दुःखाशी इतक्या सभ्यपणे वागणारा माणूस मला त्याआधी भेटला नव्हता.

दुपारी मी ओट्यावर जाऊन बसलो. सोनूबाईंनी ताट आणले. भाकरी, वालाचे बिरडे, तळलेली मांदेली आणि कडेला उभा चिरलेला पांढरा कांदा. ते ठेवून त्या आत गेल्या. मी दुसऱ्या ताटाची वाट पाहत थांबलो. त्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, आणि समोर बसल्या.

“जेव,” त्या म्हणाल्या.

एकच ताट होते. शेजारची जागा सारवलेली, मोकळी, आणि मोठी दिसत होती. दोन दिवस ज्या ताटाच्या नावाने मी पोटात कळा सोसल्या, त्याच्याच जागेकडे माझी नजर पुन्हा पुन्हा जात होती. मी कांद्याची एक फोड उचलली आणि ती तोंडात घालण्याआधीच ताट अंधूक झाले.

“कांद्यामुळे,” मी म्हणालो.

सोनूबाईंनी पदराने माझ्या ताटावरची माशी हाकलली.

“आमचा कांदा डोल्याला लागत न्हाय, बाला.”

विनिताचा निरोप बुधवारीच आला होता. ‘मी येणार नाही, प्रज्योत. शेतावरही नाही आणि तुझ्या घरीही नाही. माझ्यासाठी थांबू नकोस.’ तो मी निघण्यापूर्वी वाचला होता. तो अगदी स्पष्ट होता.